पावसाळ्यात या, मग लिहा टेकडीवर काय नाही ते: खाणीच्या मूल्यांकन समितीला खुलं पत्र

प्रति,
आमच्या टेकडीवरच्या लोहखनिज खाणीचा पर्यावरण अहवाल ज्यांच्यासमोर मंजुरीसाठी आहे त्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य

साहेब, मॅडम, नमस्कार आणि जोहार.

तुमच्यासमोर जो अहवाल आहे त्यात वनस्पती आणि प्राण्यांच्या प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य आहे, की खाणक्षेत्रात आणि भोवतालच्या १० किलोमीटरमध्ये एकही दुर्मीळ किंवा धोक्यात आलेली वनस्पती आढळली नाही. त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला लिहिलं आहे की सर्व्हे मार्च ते मे मध्ये केला. सगळा घोळ या दोन वाक्यांत आहे, आणि तो तसाच ठेवून फाईल पुढे जाऊ नये म्हणून हे पत्र. जनसुनावणीत मी हे बोलले होते, तिथे उत्तर मिळालं की सर्व्हे नियमानुसार झालेला आहे, आणि माईक पुढच्या माणसाकडे गेला. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते, म्हणजे तुम्हीही वाचाल आणि पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतले लोकही वाचतील.

मी या टेकडीच्या पायथ्याच्या गावची. घरी धानाची शेती आहे, मोहफुलं, तेंदूपत्ता, चारोळी हे सगळं हंगामाप्रमाणे आम्ही गोळा करतो, आणि तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झाले म्हणून गावानं मला जैवविविधता व्यवस्थापन समितीत घेतलं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत ही समिती असावी लागते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आमची नोंदवही आहे. त्यातली बरीच झाडं मला कॉलेजात शिकवली नव्हती, ती माझ्या सासूबाईंनी आणि गावची ढोरं चारणाऱ्या ढोरकी मामांनी दाखवली, आणि दाखवली तेव्हा पाऊस होता. अहवाल करणारे लोक गावात आले, ग्रामपंचायतीसमोर गाडी लावली, टेकडीवर गेले, फोटो काढले, पण नोंदवही कोणी मागितली नाही. ग्रामपंचायतीच्या कपाटात ती तेव्हाही होती आणि आजही आहे.

आता मुद्द्यावर येते.

मे महिन्यात आमची टेकडी पाहिली तर कोणालाही वाटेल की इथे काही नाही. मुरूम तापलेला असतो, सालई आणि कढईची झाडं उघडी पडलेली, गवत एकतर वाळलेलं नाहीतर वणव्यात जळून काळं झालेलं, आणि पाय ठेवला की पाचोळा कुरकुरते. पण काळी मुसळी, सफेद मुसळी, अमरकंद, रानहळद, कळलावी, कंदीलपुष्प ही सगळी मंडळी तेव्हा तिथेच असते, फक्त जमिनीखाली, कंद नाहीतर गड्डा होऊन. जून लागला, दोन-तीन जोराच्या सरी पडल्या की आधी अमरकंदाचा दांडा वर येते, पानं मागून येतात. मग जुलैमध्ये काळ्या मुसळीची पिवळी फुलं, जमिनीला अगदी टेकलेली, वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. ऑगस्टमध्ये कळलावी झुडपावर चढते. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की यातलं बरंचसं पिवळं पडून वाळते आणि परत मातीत जाते. म्हणजे वर्षातले जेमतेम चार-पाच महिने ही झाडं वर असतात. अहवालवाले नेमके बाकीच्या महिन्यांत आले. धानाच्या बांधीत मे महिन्यात उभं राहून इथे धान होत नाही असं लिहून द्यावं तसं हे झालं आहे.

ज्यांना मुसळी आणि अमरकंद माहीत नाही त्यांना काटवलं तरी माहीत असतील. आषाढ-श्रावणात बाजारात ढीग लागते, नागपूरपर्यंत जातात. त्यांचा वेलही कंदातूनच दरवर्षी येते. एप्रिलमध्ये टेकडीवर कोणी काटवलाचा वेल दाखवावा. दिसणार नाही. मग टेकडीवर काटवल नाही असं म्हणायचं का?

कंदीलपुष्पाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. हा बारीक वेल आहे, दुसऱ्या झुडपाच्या आधारानं चढतो आणि पानांवरून सहसा लक्षातही येत नाही. फूल उभं असते, खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना जुळलेली. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात, बारीक माशी आत गेली की तिला लवकर बाहेर येता येत नाही, तिच्या अंगाला पराग लागतात, आणि फूल मलूल झालं, केस गळाले की ती सुटते आणि दुसऱ्या फुलात जाते. या गटातल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी जाती दुर्मीळ आहेत, काही तर जगात फक्त आपल्याच राज्यात आहेत. आमच्या टेकडीवर जो आहे तो कोणत्या जातीचा हे फूल हातात घेऊन अभ्यासकानंच सांगावं लागेल, कारण या गटात फुलाशिवाय जात ठरवता येत नाही. आणि फूल पावसाळ्यातच येते. सासूबाई म्हणतात की त्यांच्या लहानपणी पोरं याचा कंद खणून खायची, वेल तेव्हा कुठेही दिसायचा, आता उत्तरेकडच्या उतारालाच राहिला आहे. खाणीच्या नकाशात तोच उतार मातीच्या ढिगाऱ्यासाठी दाखवला आहे.

याच उताराला जिथे झिरपा आहे, म्हणजे जमिनीतून पाणी पाझरते, तिथे दवबिंदू नावाची वनस्पती उगवते. बोटभर लालसर झाड, पानांच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, त्यावर चिलट बसलं की केस आत वळतात. मुरमाच्या जमिनीत नत्र कमी म्हणून ते किडे पकडून भागवते. ओल आहे तोवर राहते, उन्हं तापली की वाळून जाते, मार्चमध्ये त्याचा मागमूसही नसतो. झिरपा बंद झाला तर ते जाईल, आणि झिरपा बंद होईल की नाही हे अहवालात कुठेच नाही, कारण झाडच नोंदलेलं नाही तर त्याच्या पाण्याचा विचार कोण करणार.

हे असं काहून होते तेही सांगते, कारण सुनावणीत नियमानुसार असा शब्द वापरला गेला. पर्यावरण मंजुरीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली खाणींसाठी जे ठरावीक संदर्भ मुद्दे, म्हणजे अभ्यासात काय काय करायचं त्याची यादी, दिले जातात त्यात पावसाळा सोडून एका हंगामाची आधारभूत माहिती गोळा करा असं आहे. हवेतल्या धुळीसाठी ते बरोबरच आहे, पावसात धूळ खाली बसते, तेव्हा मोजली तर हवा आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसेल. पण त्याच ओळीत हवा, पाणी, आवाज, माती यांच्यामागे वनस्पती आणि प्राणीही येतात, आणि धुळीला लागू असलेला हंगाम कंदालाही लागू होतो. पण हे कमीत कमी किती करा एवढं सांगणारं आहे. यापेक्षा जास्त करू नका असं कुठेच लिहिलेलं नाही, आणि जागा पाहून जास्तीचा अभ्यास सांगण्याचा अधिकार तुमच्याच समितीला आहे. त्याच संदर्भ मुद्द्यांमध्ये हेही आहे की दुर्मीळ, धोक्यातल्या आणि प्रदेशनिष्ठ (फक्त त्याच भागात सापडणाऱ्या) जातींची माहिती प्रत्यक्ष सर्व्हेतून, प्रमाणित करून, खाणक्षेत्र आणि बफर (भोवतालचा पट्टा) यांची वेगवेगळी द्यावी. प्रमाणित कोणी केलं? अहवालात एकाही नमुन्याचा हर्बेरियम नंबर (वाळवून जपलेल्या नमुन्यांच्या संग्रहातला नंबर) नाही, ओळख कोणी पटवली त्याचं नाव नाही.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. १० किलोमीटरचा घेर म्हणजे ३१४ चौरस किलोमीटर, म्हणजे ३१ हजार ४०० हेक्टर, आणि खाणक्षेत्राच्या कडेपासून मोजलं तर त्याहून जास्तच. झाडं मोजायचा चौकोन असतो १० बाय १० मीटरचा. असे शंभर चौकोन टाकले तरी एकच हेक्टर होते. गवत आणि लहान झाडांसाठी तर चौकोन १ बाय १ मीटरचा. आता जी वनस्पती एका उताराला चार ठिकाणी उरली आहे ती अशा चौकोनात सापडेल कशी? सामान्य झाडांसाठी ही पद्धत ठीक असेल, दुर्मीळ झाडासाठी ज्याला ती जागा माहीत आहे त्याला सोबत घेऊन पायी फिरावं लागते. आमच्याकडे अशी माणसं घराघरात आहेत. ढोरकी मामांना विचारलं असतं तर त्यांनी अर्ध्या दिवसात नेऊन दाखवलं असतं.

आणि हे फक्त पावसाळी झाडांचं नाही बरं. बिजा मे महिन्यातही उभाच असतो. खोडाला चीर पडली की लाल डिंक वाहतो, त्याच्या लाकडाचा पेला करून मधुमेहाचे लोक त्यात ठेवलेलं पाणी पितात, एवढं ओळखीचं झाड. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत ते संकटाच्या जवळ आलेलं म्हणून नोंदलेलं आहे. अहवालाच्या यादीत बिजा नाही. कढई नाही. चारोळी नाही, जिच्यावर आमच्या बायांचा एप्रिल-मेचा पैसा असतो. गुलमोहर, निलगिरी, सुबाबूळ मात्र आहेत, आमच्या टेकडीवर यातलं एकही नाही, ते रोडच्या आणि शाळेच्या बाजूला लावलेले आहेत. अशी यादी पाहिल्यावर मनात येते की ही टेकडी पाहून लिहिली की आधीच्या कोणत्या तरी अहवालातून उचलली. आपल्याच राज्यात रत्नागिरीच्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर जसाच्या तसा निघाला होता, त्यामुळे ही शंका मी उगाच घेत नाही. २००६ च्या अधिसूचनेत कलम ८ मध्ये स्पष्ट आहे की माहिती जाणूनबुजून लपवली किंवा चुकीची, दिशाभूल करणारी दिली तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द करता येते. जाणूनबुजून झालं असा आरोप मी करत नाही. तपासा एवढंच म्हणते.

तिसरं, अनुसूचीचं. अहवाल म्हणतो की वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची ६ मधली एकही वनस्पती इथे नाही. अनुसूची ६ आता अस्तित्वातच नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूच्या चारच राहिल्या आणि वनस्पती अनुसूची ३ मध्ये गेल्या. आणि जुन्या अनुसूची ६ मध्ये नोंदी किती होत्या तर फक्त ६, त्याही हिमालयातलं कुठ, ईशान्येतल्या निळ्या आणि लाल व्हँडा, मेघालयातली घटपर्णी, आंध्रातला बेडोमचा सायकस आणि लेडीज स्लिपर ऑर्किडं. यातलं काहीच विदर्भात उगवत नाही. म्हणजे ते वाक्य आमच्या टेकडीबद्दल काहीच सांगत नाही, विदर्भातल्या कोणत्याही जमिनीबद्दल ते खरंच ठरलं असतं. आणि त्याच वाक्याच्या आधारावर पुढे संवर्धन आराखड्याची गरज नाही असा निष्कर्ष काढला आहे.

प्राण्यांच्या बाबतीत तर मला समजतच नाही की अनुसूची १ चा कोणताही प्राणी खाणक्षेत्रात आढळला नाही असं लिहिण्याची हिंमत कशी झाली. या अनुसूचीतल्या प्राण्यांना कायद्याचं सगळ्यात जास्त संरक्षण असते, आणि मोर अनुसूची १ मध्ये आहे. घोरपड आहे, अजगर आहे. मोर ओरडत नाही असं झाडीपट्टीतलं एक तरी गाव दाखवा. टेकडीच्या कपारींमध्ये अस्वलं राहतात, मार्च-एप्रिलमध्ये मोह पडते तेव्हा पहाटे आमच्या आधी तेच झाडाखाली असतात, म्हणून बाया एकट्या जात नाहीत, टोळीनं जातात आणि मोठ्यानं बोलत जातात. सर्व्हे त्याच महिन्यांत झाला ना? मोह वेचणाऱ्या एका बाईला विचारलं असतं तरी अस्वल यादीत आलं असतं. रानकुत्र्यांची टोळी नाल्याच्या बाजूनं येते, चौसिंगा आहे, खवल्या मांजर क्वचित पण आहे, त्याचं उकरलेलं वारूळ ओळखता येते. अनुसूची १ चा प्राणी असेल तर वन विभागाशी बोलून, बजेटसकट संवर्धन योजना द्यावी लागते. नाही असं लिहिलं की तो खर्चही वाचते आणि वेळही.

वाघाचं तर वेगळंच. आमच्या भागात वाघ फक्त ताडोब्यात किंवा नागझिऱ्यात राहत नाही हे अख्ख्या विदर्भाला माहीत आहे, ब्रह्मपुरीकडे तर तो व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरच शेतांच्या बाजूला राहतो. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला कॉलर लावलेला वाघ तेलंगणातून फिरून, शेतं, नाले, हायवे ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला, १३०० किलोमीटरच्या वर चालला. तो चालू शकला कारण मध्ये मध्ये असे झाडीचे तुकडे, टेकड्या आणि नाले होते, दिवसा पडून राहायला आणि रात्री निघायला. आमची टेकडी तसाच एक तुकडा आहे. अहवाल टेकडीपासून जवळच्या अभयारण्याचं अंतर मोजतो, ते १० किलोमीटरपेक्षा जास्त भरते, आणि विषय संपवतो. पण वन्यजीव कायद्याच्या कलम ३८-ओ मध्ये फक्त व्याघ्र प्रकल्प नाही, एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणारी जागाही आहे. चिमूरकडचा बंदर कोळसा ब्लॉक २०२० मध्ये लिलावातून काढला गेला तो अशाच जोडणाऱ्या वाटेमुळे, म्हणजे कॉरिडॉरमुळे. मग इथे कॉरिडॉर हा शब्द अहवालात एकदाही काहून नाही?

ट्रकांचं कोणी मोजलंच नाही. खाण टेकडीवर असली तरी खनिज रोडनं जाणार, आणि तो रोड नाला दोनदा ओलांडतो, जिथे सांबर, रानडुक्कर, बिबट सगळे रात्री ओलांडतात. रात्रभर हेडलाइट आणि हॉर्न असले तर जनावर रस्ता बदलणार, आणि बदलून जाणार कुठे तर आमच्या बांधीत. आमचे लोक आधीच धान निसवलं की जागलीला जातात, मचाणावर रात्री काढतात. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात जुन्या मातीच्या ढिगाऱ्यांवर विलायती बाभूळ वाढली आणि तिथेच बिबट-वाघ राहायला लागले, दुर्गापूरकडच्या लोकांना विचारा त्यांनी संध्याकाळी पोरांना अंगणात सोडणं कसं बंद केलं ते. त्यामुळे प्राण्यांवर परिणाम या प्रकरणात माणसांवरचा परिणामही येते, तो अहवालात वेगळा काढून रोजगाराच्या प्रकरणात फक्त चांगलं चांगलं लिहिलं आहे.

पायथ्याची जमीन झुडपी जंगल आहे. अहवालात तिला पडीक, निकृष्ट झुडपांची जमीन म्हटलं आहे. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं पूर्व विदर्भातल्या ६ जिल्ह्यांतली ८६ हजार ४०९ हेक्टर झुडपी जंगलाची जमीन वनच आहे असं सांगितलं. आणि कोर्टाचं सोडा, मी वर सांगितलेल्या कंदांपैकी अर्धे या झुडपीतच आहेत, ढोरं तिथेच चरतात, तितर-बटेर तिथेच अंडी घालतात. उंच झाडं नाहीत म्हणून ती जमीन रिकामी होत नाही.

पाण्याचं थोडक्यात सांगते. टेकडीचं पाणी नाल्यात, नाल्याचं बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) आणि मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात), तिथून धानाला. खाण खोल गेली आणि पाणी उपसायला लागलं की झिरपे आणि नाल्यातले डोह आटतील, आणि पावसात लाल गाळ तलावात येईल. तलावात देवधान उगवते, कमळाच्या पानांवरून चालणारे पक्षी आहेत, मासे आहेत, ढिवर बांधवांचं पोट त्यावर आहे. अहवालात तलावाच्या पाण्याचा पीएच दिला आहे. तलावात काय जगते ते दिलेलं नाही.

सुनावणी तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेवली. वर्षातले हे थोडेच दिवस रोख पैसा मिळते, बाया पहाटे जंगलात जातात आणि दुपारी पुडे बांधायला बसतात, त्या दिवशी तालुक्याला कोण येणार. नोटीस ३० दिवस आधी निघाली होती हे खरं आहे, कागदावर सगळं बरोबर आहे, पण ज्यांना टेकडीवरचं प्रत्येक झाड माहीत आहे त्याच बाया त्या मंडपात नव्हत्या.

हे पत्र खाणीला सरसकट विरोध म्हणून लिहिलेलं नाही हे मी स्पष्ट सांगते, कारण गावात माझ्याशीच वाद घालणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. बारावी झालेली पोरं पुण्याला, हैदराबादला कंपनीत जातात, घरं रिकामी होतात, खाण आली तर काम मिळेल असं त्यांना वाटते. त्यांच्या समोर मी जंगल जंगल करत बसणार नाही. पण काय जाणार आहे हे मोजल्याशिवाय काय मिळणार आहे याच्याशी तोलायचं कसं? आत्ता तराजूच्या एका पारड्यात आकडे आहेत आणि दुसरं पारडं अहवालानं रिकामं दाखवलं आहे. झाडं तोडली त्याच्या बदल्यात झाडं लावू असं लिहिलं आहे, पण कंदीलपुष्प रोपवाटिकेत मिळत नाही आणि सागाच्या ओळीखाली मुसळी परत येईलच असं नाही. एकदा तो उतार ढिगाऱ्याखाली गेला की नंतर कोणी कितीही चांगला अभ्यासक आणला तरी त्याला काही सापडणार नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

वनस्पती आणि प्राण्यांचं प्रकरण पावसाळ्याचा सर्व्हे होईपर्यंत स्वीकारू नका, आणि तोपर्यंत मंजुरीची शिफारस करू नका.

हा सर्व्हे कंपनीनं नेमलेल्या त्याच सल्लागाराकडून नको. खर्च कंपनीनंच द्यावा, पण माणसं समितीनं ठरवावी, विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची, आणि प्रत्येक संशयित दुर्मीळ जातीचा नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण केंद्रात तपासून त्याचा नंबर अहवालात यावा. कंद उपटून नको, फूल-पान आणि फोटोवर भागते.

आमच्या आणि शेजारच्या गावांच्या लोक जैवविविधता नोंदवह्या अहवालाला जोडाव्या, आणि ज्या जाती नोंदवहीत आहेत पण सर्व्हेत नाहीत त्या का नाहीत हे एकेक लिहावं. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपूरलाच आहे, त्यांचं मत घ्यावं.

अस्वल, रानकुत्रा, खवल्या मांजर, चौसिंगा, बिबट, वाघ यांच्यासाठी कॅमेरा ट्रॅप लावावे, नाल्यावर आणि रोडच्या दोन्ही ओलांडण्यांवर, आणि कॉरिडॉरबद्दल वन विभागाचं लेखी म्हणणं फाईलला लावावं. ट्रकांचा पूर्ण रस्ता अभ्यासात घ्यावा. आजूबाजूच्या दुसऱ्या खाणी आणि प्रस्ताव धरून एकत्र परिणाम काढावा, एकेक खाण सुटी सुटी नाही.

उत्तरेकडचा उतार आणि त्यावरचा झिरपा तूर्तास नकाशातल्या ढिगाऱ्याच्या जागेतून वगळावा. यासाठी सर्व्हेची वाट पाहायची गरज नाही.

नवीन अहवाल आला की तो मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवावा, आणि परत सुनावणी घ्यावी, तेंदू आणि रोवणा (धानाची लावणी) दोन्ही हंगाम सोडून, आणि तालुक्याला नाही, गावात.

वेळापत्रकही देते, म्हणजे कधी यायचं हा प्रश्न राहणार नाही. पहिल्या जोराच्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत एकदा या, अमरकंदासाठी. ऑगस्टमध्ये पोळ्याच्या आधी दुसऱ्यांदा या, तेव्हा मुसळी, कळलावी आणि कंदीलपुष्प तिन्ही फुलावर असतात. सप्टेंबर संपता संपता तिसऱ्यांदा या, तेव्हा गवतं निसवलेली असतात आणि त्यांची जात ओळखता येते. दवबिंदू याच फेरीत पाहून होईल. राहायची सोय समाजमंदिरात करू, जेवण घराघरातून येईल, आणि सोबत चालायला सासूबाई, ढोरकी मामा आणि समितीचे सगळे तयार आहेत. तुमच्यापैकी एक तरी सदस्य ऑगस्टच्या फेरीला स्वतः यावा अशी विनंती आहे. कोणत्या तारखेला येणार ते ग्रामपंचायतीला पत्रानं कळवा, रोवणा सुरू असला तरी आम्ही तो दिवस मोकळा ठेवू.

आपली,
गाव जैवविविधता व्यवस्थापन समितीची एक सदस्य
झाडीपट्टी, पूर्व विदर्भ